कयाकमधली दुसरी जागा

सिंधु प्रश्न विचारत होती आणि पंढरी त्यांची उत्तरे तिच्या नवऱ्याला देत होता.

"हिच्यात लेकरं कुठं बसायची?"

"भाऊ, ही खास मासेमारीची हाय," पंढरी दयानंदकडे वळून म्हणाला. "दोन काठ्या हितं खोचायच्या, दोन्ही हात मोकळे. मागं बर्फाची पेटी बसते. पाण्यात कशी जाते म्हनता, सुरी!"

"मी लेकरांचं इचारलं."

"वहिनी, लेकरांसाठी मग ती पिवळी बघावी लागंल," एवढे बोलून तो पुन्हा दयानंदला म्हणाला, "पण भाऊ, ती जरा जड. म्हशीवानी चालती."

नांदेडहून अर्धापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे पत्र्याचे गोदाम. पंढरी तेथे तंबू, गळकाठ्या, लाइफ जॅकेट विकत असे आणि अलीकडे त्याने कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या नावाही, आणून ठेवल्या होत्या. हिरवी एकट्याची होती, लांब आणि अरुंद. पिवळी रुंद, बुटकी. तिला मागे-पुढे दोन बैठका आणि मध्ये एक लहान मूल मावेल एवढा खोलगट भाग. उदगीरजवळच्या आपल्या गावाहून सिंधु आणि दयानंद ही निवड करण्यासाठीच दोन्ही मुलांसह पिकअप घेऊन आले होते. गावाशेजारचा साठवण तलाव लागोपाठच्या चांगल्या पावसांनी काठोकाठ भरलेला होता. मच्छीमार संस्थेची परवानगी काढून दयानंद दर रविवारी काठावरून गळ टाकी; सिंधु, शिवांगी आणि धाकटा समर्थ भाकरी बांधून सोबत जात आणि धरणाच्या भिंतीवर बसून राहत. नाव एकच घ्यायची, पण तिच्यात मासेही पकडता यावेत आणि घरचेही बसावेत, असे दोघांमध्ये ठरले होते.

ठरले होते ते दोघांमध्ये. पहाटे निघताना सासरे, शेषेराव, टोपी झटकून पिकअपच्या पुढच्या सीटवर येऊन बसले, तेव्हा ठरलेले पुन्हा एकदा ठरवावे लागणार हे सिंधुच्या ध्यानात आले.

"नाव घ्या, माझी ना न्हाई," शेषेराव आता म्हणाले. ते गोदामाच्या दारातल्या खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. "पण बाईमाणूस अन् पोरगी पाण्यावर जाणार न्हाईत. दया जाईल. समर्थ जरा मोठा झाला की तो जाईल. मग दोन बैठका कशाला पाह्यजेत?"

"आबा, असं ठरलं नव्हतं," दयानंद हळू आवाजात म्हणाला.

"तुमचं ठरलं असंल. रविवारी सगळं गाव असतंय भिंतीवर. शेषेरावाची सून वल्हं मारून राहिली, हे बघायला अजून गर्दी व्हईल." ते पंढरीकडे वळले. "लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं होतं, ध्यानात हाय का रे तुझ्या? त्याच जिल्ह्यातल्या लोकांना आता नावा पाह्यजेत."

पंढरी गिऱ्हाईक राखायच्या धोरणाने हसला.

सिंधु हसली नाही. "मामा, पाणी आलंय तवाच बसायचं का ते परत आटायची वाट बघायची?"

शेषेरावांनी तिच्याकडे पाहिले. याच तलावाच्या भेगाळलेल्या तळात त्यांनी एके काळी ज्वारी पेरली होती. जे पाणी येते आणि न सांगता निघून जाते, त्याच्यावर घरची माणसे सोडायची नाहीत, असे त्यांचे मत त्या वर्षांत तयार झाले होते. हे मत केवळ हेकेखोरपणातून आलेले नाही, हे सिंधुला समजत होते. परंतु ते मत समर्थला वगळून शिवांगीला लागू होत होते, हेही तिला समजत होते.

"पाण्यात टाकून बघा की दोन्ही," पंढरी मध्ये पडला. "माझं शेततळं मागंच हाय."

गोदामामागे केळीची बाग होती आणि बागेच्या कडेला शेततळे. चारही उतारांवर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यामुळे आत पडलेल्या माणसाचा पाय ठरणे कठीण. म्हणून पंढरीने एका बाजूने गाठी मारलेला जाड दोर सोडून ठेवला होता. शेषेरावांची खुर्ची बांधावर आणून मांडण्यात आली.

प्रथम दयानंद हिरव्या कयाकमध्ये बसला. ती त्याच्याखाली दोनदा डचमळली आणि मग स्थिर झाली. त्याने वल्हे मारले तशी ती खरोखरच सुरीसारखी गेली. तळ्याच्या मध्यावर जाऊन त्याने मागे वळून पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचा तो निर्भेळ आनंद पाहून सिंधुचे मन क्षणभर मागे सरले. पिवळी मागायची म्हणजे हा आनंद त्याच्या हातून थोडासा काढून घ्यायचा. मग तिची नजर शिवांगीकडे गेली. अकरा वर्षांची ती मुलगी बांधावर, दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी होती. बोलावणे येणारच नाही हे आधीच मान्य केलेल्या पाहुण्यासारखी.

"आता पिवळी सोडा," सिंधु म्हणाली. "मी बसते."

"सिंधु," शेषेराव म्हणाले.

"बसून बघते मामा. घ्यायची हाय तर बघायला नको?"

तिने साडीवरून लाइफ जॅकेट चढवले. पंढरीने कयाक उताराला लावून धरली. आणि सिंधु बसली, ती लग्नापासून दयानंदच्या मोटारसायकलवर जशी बसत आली होती तशी: मागच्या बैठकीवर, दोन्ही पाय एका अंगाला सोडून, एक हात कडेला आणि दुसऱ्या हातात पदर. पंढरी "वहिनी, तसं न्हाई—" म्हणेपर्यंत पिवळी कयाक पायांच्या बाजूला कलली आणि सिंधु पाण्यात गेली.

"वहिनी, ही काय मोटारसायकल हाय का!" पंढरीला हसू आवरेना. समर्थही टाळ्या पिटू लागला.

"झालं?" शेषेराव खुर्चीतून उठले होते. "घडू नये तेच घडलं ना? काढा तिला आधी!"

दयानंद हिरव्या कयाकमधून कसाबसा काठाला लागला होता. "दोर! दोर धर सिंधु!" तो ओरडत होता, परंतु पाण्यात उतरत नव्हता. उतरणे त्याला शक्यच नव्हते. त्याच्या लहानपणी गावातल्या विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडत आणि पावसाळ्यातही गुडघाभरच भरत. ज्या वयात पाठीला डबा बांधून मुलांना विहिरीत ढकलतात, त्या वयात त्याच्या गावी ढकलायला पाणी नव्हते. त्याच्या बरोबरीच्या बहुतेक पुरुषांना पोहता येत नसे. ते याविषयी बोलत नसत.

सिंधुने दोर धरला नाही. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला, साडीचा बोंगा मांड्यांमध्ये घट्ट खोवला आणि पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेली. तेथून वळून पुन्हा परत आली. तिचे माहेर येथून हाकेच्या अंतरावर, कालव्याच्या गावात. तिच्या वडिलांनी तिन्ही मुलींना केळीच्या बागेतल्या विहिरीत पोहायला शिकवले होते. सासरी आल्यावर "आपल्यात बायका विहिरीत उतरत न्हाईत" असे सासूबाईंनी सांगितले आणि नंतर तो विषय कधी निघालाच नाही. तुला पोहता येते का, असे तिला कोणी विचारले नव्हते.

"आई, तुला येतं?" शिवांगी उतारापर्यंत धावत आली. तिच्या आवाजात आश्चर्यापेक्षा तक्रार अधिक होती. "मग सांगितलं का न्हाईस?"

"आता बघ की," सिंधु म्हणाली. तिला धाप लागली होती. तिने पिवळ्या कयाकची कड दोन्ही हातांनी पकडली, पाय झाडले, पोटावर आडवी चढली आणि वळून बसली. या वेळी दोन्ही बाजूंना पाय टाकून. कयाक हलली, पण उलटली नाही. चिंब भिजलेल्या साडीतून पाणी निथळत होते आणि बांधावर केळीचे घड उतरवणारी माणसे येऊन उभी राहिली होती. तिने पदर सावरला नाही.

"आता तुम्ही," ती दयानंदला म्हणाली.

"मी काय?"

"पडा."

"येडी झालीस का?"

"तलावात पडायच्या आधी हितं पडून घ्या. जॅकेट हाय, दोर हाय, मी हाय. हिरवीतून पडा अन् परत चढून दाखवा. चढले की हिरवी घेऊ. माझं काही म्हणणं न्हाई."

दयानंदने आधी वडिलांकडे पाहिले, मग पंढरीकडे, आणि मग बांधावरच्या गर्दीकडे. ती माणसे आता उघडपणे वाट पाहत होती. "पडा की पावनं!" त्यांतला एक जण ओरडला. "बाईमाणूस पडून बसलं वर, तुम्हाला काय झालं?"

तो पडला. जॅकेटने त्याला वर ठेवले; परंतु हिरव्या कयाकवर तो हात टाकी आणि ती अंगावर उलटे. पुन्हा सरळ करी, पुन्हा उलटे. त्याने नाकातोंडातले पाणी शिंकरले.

"सराव लागतो भाऊ," पंढरी काठावरून म्हणाला.

"तू उतर मग खाली अन् दे सराव!" दयानंद ओरडला. तसे सगळेच हसले आणि तोही हसला.

सिंधुने पिवळी त्याच्यापाशी आणली आणि स्वतः पाण्यात उतरून दुसरी बाजू तोलून धरली. दोनदा घसरून तो तिसऱ्यांदा चढला आणि ज्वारीच्या पोत्यासारखा कयाकवर आडवा पडून राहिला.

"पिवळी," तो तोंड खाली ठेवूनच म्हणाला. "पंढरी, पिवळी बांध. काठीची भोकं पाडून देशील का हिला?"

"देतो की."

"पिवळी घ्या न्हाईतर काळी घ्या." शेषेराव उताराच्या कडेला आले होते. भीतीने उतरलेला त्यांचा चेहरा आता रागाने पुन्हा ताठ झाला होता. "सुनेला पोहता येतं, बरं झालं. बसू दे तिला. पण शिवांगी बसणार न्हाई. जिला पोहता येत न्हाई असली पोर मी पाण्यावर सोडणार न्हाई. ह्यात माझं काही चुकतंय का, सांग."

"न्हाई मामा," सिंधु पाण्यातून म्हणाली. "ह्यात तुमचं काही चुकत न्हाई."

मग ती मुलीकडे वळली.

"शिवांगी, जॅकेट घाल. पट्टे घट्ट ओढ. ये खाली."

"सिंधु!"

"पोहता येत न्हाई तर बसायचं न्हाई. खरंय. मग शिकवते. आज येईल तेवढं आज. बाकीचं माझ्या माहेरी राहून. आठ दिवस लागोत न्हाईतर महिना. तिला आलं की आम्ही घरी येऊ, नाव घेऊनच."

"अन् लोकांना काय सांगू? सून कामून ऱ्हायली माहेरी?"

"पोरीला पोहायला शिकवून राहिली म्हणून सांगा. लपवायचं काय हाय त्यात?"

"वहिनी," पंढरीने अदबीने विचारले. प्रथमच तो तिची परवानगी मागत होता. "मला केळीला मोटार चालू करायची होती जी."

"थोडं थांबा की पंढरीभाऊ. नाव इकायची हाय का न्हाई?"

शिवांगी दोराला धरून उतारावरून खाली सरकत होती. समर्थ तिच्यामागे निघाला. "मी बी! आई, आधी मी!"

"तुझा नंबर ताईच्या मागं. बस तिथं."

शेषेरावांनी मुलाकडे पाहिले. "दया, किल्ली दे. मी गाडीत बसतो. येणार असशील तर ये."

दयानंद कयाकवर उठून बसला. भिजलेल्या खिशातून त्याने किल्ली काढली आणि काठावर, वडिलांच्या पायाशी टाकली. "तुम्ही बसा आबा. मी येतोच," तो म्हणाला, पण लगेच सिंधुकडे वळून त्याने खालच्या आवाजात विचारले, "मला पण लागंल ना शिकायला?"

"तुम्हाला तर आधी. पण आज न्हाई. आज नाव धरा."

तो पाण्यात उतरला आणि कयाकची कड धरून राहिला. शेषेराव काठी टेकत केळीच्या रांगांमधून गेले. थोड्या वेळाने पिकअपचे दार आपटल्याचा आवाज आला आणि मग हॉर्न वाजला. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा, लांबलचक. बांधावरच्या माणसांनी माना वळवून तिकडे पाहिले. दयानंदनेही पाहिले.

"आई, आबा बोलवतायत," शिवांगी म्हणाली. तिचे दात वाजत होते. एक हात आईच्या खांद्यावर आणि दुसरा पिवळ्या कडेवर घट्ट होता.

"वाजवू दे. हनुवटी वर ठेव. पाय सरळ. मी तुझ्या पोटाखाली हात धरलाय."

"सोडणार न्हाईस ना?"

"सोडणार हाय. सोडते म्हणून सांगून सोडणार."

हॉर्न पुन्हा वाजला आणि या वेळी थांबलाच नाही. त्या आवाजातही ऐकू जावे म्हणून सिंधुला मोठ्याने बोलावे लागले.

"सोडते," ती म्हणाली.