रवंथरावाचं पथ्य

"तोंडात काय आहे?" आहारवाल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

रवंथरावाचा जबडा जागच्या जागी थांबला. "काही नाही. च्युइंगगम."

"काढा."

त्याने वर्गात पकडलेल्या पोरासारखं ते कागदात काढलं आणि मुठीत दाबून धरलं. शेजारी बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला.

"दिवसाला किती खाता?"

"एखाददुसरं..."

"एखाददुसरं पाकीट म्हणा की," बायको म्हणाली.

"बिनसाखरेचं चालेल का?" त्याने आशेने विचारलं.

"नाही. चघळायला लागलात की पोटाला वाटतं जेवण येतंय. ते बिचारं तयारीला लागतं, जेवण काही येत नाही. मग भूक खवळते आणि तुम्ही भलत्यासलत्यावर ताव मारता. तुमच्या हातात वेळ कमी आहे, हे मी सांगायला नको."

नकोच होतं सांगायला. रवंथरावाची थोरली बहीण, त्याची ताई, याच इस्पितळात वरच्या मजल्यावर पडून होती. दारूचा थेंबही न शिवलेल्या त्या बाईचं यकृत आतल्या आत वाळून गेलं होतं. जवळच्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ती उठणार होती. रवंथरावाचं रक्त जुळलं, सगळं जुळलं, पण त्याच्या यकृतावर चरबीचा हा थर! तो उतरल्याशिवाय डॉक्टर सुरी लावायला तयार नव्हते. मग उकडलेल्या भाज्या आल्या, वाटीने मोजलेला भात आला, तेल गेलं, साखर गेली. त्याने हूं की चूं केलं नाही. आई गेली तेव्हा तो तिसरीत होता. ताईने त्याला आपल्या हाताने घास भरवून वाढवलं होतं. आता न खाता तिला जगवायचं, एवढंच तर होतं.

पण च्युइंगगम म्हणजे कठीण काम होतं.

बंदरावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये त्याची अख्खी उमर गेली होती. सकाळी शिडी चढायची ती जेवणाच्या सुट्टीलाच उतरायची आणि पुन्हा चढायची ती पाळी संपेपर्यंत. पायाखाली काच, काचेखाली जहाज, दोन्ही हातांत दोन दांडे. पहिल्यांदा चढला तेव्हा गरगरायला लागलं होतं. तेव्हाच कुणीतरी गमची कांडी हातात कोंबली. जबडा चालायला लागला आणि हात स्थिर झाले. तेव्हापासून ते दोन्ही जणू एकाच पट्ट्यावर चालायचे. खालच्या लोकांनी त्याचं नाव रवंथराव ठेवलं, तेही त्याने गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लवंग धरली दाताखाली. दुपारपर्यंत जीभ बधिर झाली आणि मुकादमाशी बोलताना "कंटेनर"चा "तंतेनर" व्हायला लागला. मग पाण्याचे घोट घेऊन पाहिले. पण केबिनमध्ये पाणी पिणं सोपं, पुढचं अवघड. एवढी शिडी उतरून कुठे धावणार? मग आगकाडी चघळली. तिची सल हिरडीत घुसली. खाली उपाहारगृहात कांदा परतायला टाकला की वास बरोबर वर यायचा. तेव्हा रवंथराव काच बंद करून घ्यायचा आणि रिकामा जबडा उगाच हलवत राहायचा.

संध्याकाळी इस्पितळात ताईच्या खाटेशी बसून त्याने हे सगळं सांगितलं. ती खूप दिवसांनी हसली. हसताना तिला धाप लागत होती.

"बाळ्या, तोंडाला काम हवंय ना तुझ्या? मग पाढे म्हण."

"ताई, अगं मी अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा!"

"घोड्याला एकोणतिसाचा अजून येत नाही." ताईने आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं होतं. सगळ्या शाळेचे पाढे पाठ करून घेतले, घरचा भाऊ मात्र एकोणतिसाला अडला तो कायमचा. "उद्या पाठ करून ये. मी विचारणार."

"नाही आला तर?"

"तर कान धरायला उठून बसेन. तेवढी आहे अजून ताकद."

दाजी खिडकीशी उभे होते. एरवी दिवसदिवस न बोलणारा माणूस. तोही गालात हसला.

आणि खरंच, ते चाललं. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. ओठ हलत राहिले, जबडा हलत राहिला, डोकं भुकेवरून आकड्यांवर गेलं. हात पुन्हा पहिल्यासारखे स्थिर झाले. गाडी फक्त सातावर पंक्चर व्हायची. एकदा तो दोनशे तीन घोकत असताना वॉकीटॉकीचं बटण कोपराखाली दाबलेलं राहिलं. खालून इशारे देणारा गडी गोंधळून ओरडला, "साहेब, दोनशे तीन काय? दोनशे तीन नंबरचा कंटेनर इथं नाहीच!" त्या दिवशी सगळ्या धक्क्यावर हशा पिकला. आठवडाभर लोक त्याला रवंथरावाऐवजी गुरुजी म्हणत होते.

रोज संध्याकाळी ताई डोळे मिटून म्हणायची, "म्हण." तो म्हणायचा. सातावर अडायचा, ती न बघताच सांगायची, "दोनशे तीन रे, गाढवा." मग दोघं जेवणाच्या गोष्टी काढायची. तिला मीठ बंद, त्याला सगळंच बंद. भाताच्या तळाची करपलेली खरवड, ती कुणी पळवायची यावरून झालेली भांडणं, दुधावरची साय चोरताना त्याने फोडलेलं भांडं. ऐकता ऐकता त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. घरी निघताना त्याला कळायचं नाही, नेमकी कशाची भूक लागली आहे. त्या भाताची, की त्या स्वयंपाकघरात बसलेल्या त्या दोघांची.

पट्टा आत आत जात राहिला. बायकोने त्याच्या विजारी उसवून पुन्हा शिवल्या. एक दिवस डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवत त्याची पाठ थोपटली. "झकास! आता तुमच्याकडून काही अडचण नाही."

रवंथराव जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. खोलीच्या दाराशीच दाजी भेटले.

"ताप आलाय," ते म्हणाले. "पोटातल्या पाण्यात जंतू झालेत म्हणे. ताप उतरल्याशिवाय काही करता येत नाही."

"उतरेल की. औषधं आहेत ना."

"हो. उतरेल."

ताईचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला होता, ओठ सुकले होते. त्याने तिचा हात हातात घेतला. "ताई, पास झालो बघ. चरबी गेली सगळी." तिच्या पापण्या हलल्या. "शहाणा," ती पुटपुटली. मग बराच वेळ गेल्यावर, "म्हण."

त्याने सुरुवात केली. पाढा आता त्याला घडाघडा येत होता, झोपेतून उठवून विचारला तरी आला असता. सातापाशी येऊन तो मुद्दामच थांबला. ताई काही बोलली नाही. "एकोणतीस सत्ते..." त्याने पुन्हा म्हटलं. "एकोणतीस सत्ते दोनशे तेरा." चुकीचं सांगून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचा श्वास चालू होता, जड आणि सावकाश. त्याने पुन्हा एकदा दोनशे तेरा म्हटलं, जरा मोठ्याने. बाहेरची परिचारिका डोकावून गेली.

ताप उतरला नाही. दोन-तीन दिवसांनी ताई गेली.

दिवसकार्य झालं. पाहुणे पांगले. रवंथराव पुन्हा क्रेनवर चढायला लागला. एका दुपारी पाळी लवकर सुटली तसा तो घरी न जाता दाजींकडे गेला. दार उघडंच होतं. दाजी स्वयंपाकघरात शेगडीसमोर उभे होते, बाह्या वर सारून. भाताचं पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडलं होतं.

"बस," ते वळून न बघता म्हणाले. "पाणी जास्त झालं बहुतेक. तिचं माप कुठलं होतं, सापडत नाही."

"द्या, मी बघतो."

"नको. बस तू. होईल."

भाताचा गिचका झाला होता, वरणात मीठ नव्हतं. दाजींनी ताटात वाढलं. रवंथरावाचा हात सवयीने आडवा आला. "बास, बास. वाटीभरच."

दाजी थांबले. "आता कशाला रे? आता तुला कसलं पथ्य?"

रवंथरावाने पहिला घास घेतला आणि सावकाश चावू लागला. खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं. समोर बसलेले दाजी जेवत नव्हते, त्याच्याकडे बघत होते, तो खातो की नाही हे बघत होते. ताट अजून अर्धं भरलेलं होतं, तरी त्यांनी पातेल्यात डाव घातला, भात भरून वर उचलला आणि तसाच हातात धरून वाट पाहत राहिले.

पोट केव्हाचं भरलं होतं. रवंथरावाने ताट पुढे केलं.