गाढवमाळाची सून

गारखेड्याच्या पलीकडं गाढवमाळ नावाची वसाहत आहे. नाव वाचून हसू नका, मनकर्णाबाईंना ऐकू जाईल. कुंभारांची गाढवं विटा वाहून दमली की याच माळावर लोळायची. पुढं कुंभार पांगले, भट्ट्या विझल्या, गाढवंही गेली. मनकर्णाबाई त्याच कुंभारांच्या घरातली सून; त्यांच्या सासरचं म्हणावं असं उरलं ते तेवढं नाव.

आणि सोसायटीचे अध्यक्ष अनंतराव नेमकं तेच पुसायला निघाले. कमानीवर ‘रॉयल व्हिस्टा’ लिहायचं घाटत होतं. मनकर्णाबाईंनी बैठकीत असं काही रान उठवलं की चहावाला कपबशांसकट पळाला. पत्ता सांगताना माणसाला लाज वाटते, असं अनंतराव परोपरीनं समजावत होते. शेवटी चिडून बोलून गेले, “माझी सून ज्या दिवशी चारचौघांत हे नाव घेईल, त्या दिवशी त्याच नावाची पाटी मी स्वतः रंगवीन.”

सून यायची होती पुढच्याच आठवड्यात. देवगाव रंगारीची प्रेरणा, चांगली शिकलेली. त्यामुळं अनंतराव निर्धास्त होते.

अनंतरावांचा हिमांशू नवरीला घेऊन दारात आला, तर माप ओलांडायच्या आधीच मनकर्णाबाई उंबऱ्यात आडव्या. दुसऱ्या अंगाला शेजारची अमिना उभी केलेली. नाव घेतल्याशिवाय सुनेला आत सोडायचं नाही, या रिवाजापुढं अध्यक्षाचंही काही चालत नाही.

“हिमांशूचं तर घेच,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “पण संगं सासरच्या गावाचंबी घे बाई. गाढवमाळ.”

अनंतरावांनी घसा खाकरला. पोरगी सासऱ्याकडं बघायला लागली, तशा मनकर्णाबाई घाईनं पुढं सरकल्या. ही लाजली तर सगळंच संपलं. मग त्यांनी ठेवणीतली थाप काढली.

“अगं, दौलताबादच्या किल्ल्यावर विटा चढवताना हत्ती निम्म्यातच बसले. आमच्या आजेसासऱ्याची गाढवं पार वर गेली अन् तिथनं हत्तींना हाका मारायला लागली. हत्ती जे लाजून परत फिरले, ते या मुलखात पुन्हा दिसले नाय.”

“हौ, मैं खुद देखी,” अमिना म्हणाली. अमिनाचं वय पस्तीस.

प्रेरणा इतकी हसली की मुंडावळ्या नाकावर आल्या. त्या तशाच ठेवून तिनं खणखणीत आवाजात नाव घेतलं:

“देवगावचं सोडलं शिवार, ओटीत बांधलं आभाळ,
हिमांशूरावांचं नाव घेते, सासर माझं गाढवमाळ.”

जिना दणाणला. कुणी शिट्टी वाजवली, कुणी बँडवाल्याला परत बोलावलं. अनंतरावांनी हात टेकले. फक्त पाटीवर गाढवाचं चित्र नको, एवढी एक अट घातली.

“नाय काढत, अनंतराव,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “ओळखीला तुमी हायेतच की.”

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते अनंतरावच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं शिडी धरली आणि सासरे ब्रश घेऊन कमानीपर्यंत चढले. खाली मनकर्णाबाई अक्षरं सरळ येतात का ते बघत होत्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हळूच सांगत होत्या की हा नामी पेंटर खास दिल्लीहून बोलावलाय, बिचारा पैसे घेत नाय.