डावीकडचं दार

खोटं तुम्ही लिहिलंत, साहेब. तिने नाही.

व्हिसा नाकारून, पासपोर्टसोबत पाकिटात घालून जो कागद तुम्ही पाठवलात, त्यावर एक ओळ आहे. 'अर्जदार बाईंनी आमच्या देशातलं गेल्या पाच वर्षांतलं वास्तव्य लपवलं आहे.' खाली शिक्का, शिक्क्यावर गिचमिड सही. नाव नाही. नाही म्हणणाऱ्याला नाव लागत नाही, ते फक्त मागणाऱ्याला लागतं. तिच्या अर्जात तुम्ही आजोबांचंसुद्धा नाव लिहून घेतलंत. पण ही बाई पोटासाठी करते काय, ते एका ओळीत लिहिलं होतं आणि तेवढंच वाचायचं तुम्ही टाळलंत. आता ऐका.

तिला चौकशीबाई म्हणतात. दोन खोल्यांची प्रवास कंपनी, जिना चढून गेलं की समोर काउंटर, काउंटरवर 'चौकशी' अशी पाटी आणि पाटीमागे ही. एकवीस वर्षं. युरोपला निघालेला माणूस आधी हिच्यासमोर बसतो आणि अर्ध्या तासाने उठतो तेव्हा त्याच्या बॅगेतलं निम्मं सामान कमी झालेलं असतं.

"व्हेनिसला ही चाकांची पेटी? पूल पायऱ्यांचे आहेत हो तिथं. दर पुलावर उचलावी लागेल. कंबर तुमची, मला काय! लिस्बनला अठ्ठावीस नंबरच्या ट्रॅममध्ये पाकीट पुढच्या खिशात आणि खिशावर हात. फोटो काढायला दोन्ही हात वर केलेत की गेलं. रोममध्ये पाणी विकत घ्यायचं नाही, रस्त्यात नळ वाहत असतात, बाटली भरा. पॅरिसला दुकानात शिरल्याबरोबर आधी नमस्कार त्यांच्या भाषेत, मग वस्तू मागा. नाहीतर तो असा बघेल की जसं काही तुम्ही खिडकीतून आलात. आणि ॲमस्टरडॅमला मोटारींना नाही, सायकलींना घाबरा."

यातलं एकही शहर तिने पाहिलेलं नाही.

तिची विद्या खुर्चीतून आली. काउंटरपुढे एक लाकडी खुर्ची आहे. सहलीहून परतलेल्या माणसाला ग्रूपचा फोटो हवा असेल तर आधी त्या खुर्चीत दहा मिनिटं बसायचं, हा तिचा कायदा. "काय आवडलं ते सांगू नका," ती सुरुवातीलाच बजावते. "आवडतं सगळ्यांना तेच. कुठं अडकलात ते सांगा." मग माणसं सांगतात. दातांच्या डॉक्टरीणबाई बर्लिनला रविवारी दुकानं बंद म्हणून दिवसभर बिस्किटांवर राहिल्या. एक शिंपी तिकिटावर शिक्का न मारता गाडीत चढला आणि चेकरपुढे शाळकरी पोरासारखा उभा राहिला. ती सगळं लांबट वहीत उतरवते, तारीख टाकते, सांगणाऱ्याची सही घेते. अशा चौदा वह्या झाल्या.

मालकांनी पहिल्याच वर्षी तिला एक धडा दिला होता. "बाई, गिऱ्हाइकाला 'ऐकलंय' म्हणायचं नाही. 'ऐकलंय' म्हटलं की तो समोरच्या कंपनीत जातो. कालच जाऊन आल्यासारखं सांगा." तिने तसं सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता ते तिच्या जिभेवरच बसलं. विचारलं की ती डोळे मिटून त्या फलाटावर उतरते. खोटं बोलायचं म्हणून नाही. तेच तिचं काम.

यंदा मालक म्हणाले, "तुमच्या वह्यांवर एकवीस वर्षं कंपनी चालली. या वेळी तीस जणांना तुम्हीच घेऊन जा. एकदा तरी खरं सांगा लोकांना!" ती हसली नाही. वहीचं पान उलटलं, पुन्हा उलटलं, मग उठून पाणी प्यायली आणि ग्लास हातात धरून तशीच उभी राहिली.

या सहलीत तुमची राजधानीही होती. कंपनीची सहल तिथं अकरा वर्षांनी पहिल्यांदाच जात होती. म्हणून ती तुमच्या वकिलातीत, काचेपुढे आली.

आठवतंय? सकाळी साडेनऊची वेळ दिली होतीत, साडेबाराला बोलावलंत. तोवर तिने फायलीतले कागद सात वेळा लावले. घामाने बोटं ओली झाली की पदराला पुसायची आणि पुन्हा लावायची. आणि मग तुम्ही नेमका तोच प्रश्न विचारलात ज्याचं उत्तर तिला झोपेतही देता येतं. "आमच्या राजधानीत तीस माणसांना स्टेशनवरून हॉटेलवर कसं नेणार?"

तिचा जीव भांड्यात पडला.

"पुढच्या दाराने बाहेर पडायचंच नाही, साहेब. तिथं टॅक्सीवाले अंगावर येतात. सात नंबरच्या फलाटाच्या टोकाला डावीकडे हिरवं लहान दार आहे. ढकलायचं नाही, ओढायचं. बाहेर दहा पायऱ्या, की नदीच. पहिली तीन बाकं कायम ओली असतात, चौथ्यावर म्हाताऱ्या माणसांना बसवायचं, डोकी मोजायची, मग पूल."

तुमचं पेन थांबलं. "कधी गेला होतात?"

"मी? कधीच नाही."

"मग दार ओढायचं हे कसं माहीत?"

"मास्तरांनी सांगितलं. गिऱ्हाईक आमचे. ढकलून ढकलून खांदा दुखावला होता त्यांचा."

"तिथं कुणाकडे राहिला होतात?"

"अहो, गेलेच नाही तर राहीन कुठं?"

तुम्ही काहीतरी लिहिलंत आणि खिडकीचा पडदा खाली ओढलात.

पुढचे आठ दिवस घरात कुणाला चैन नव्हतं. दोन खोल्यांचं घर, नवरा बुकबाइंडर, सासूबाई खाटेवर. खाटेखालून बॅग बाहेर यायची, उघडायची, स्वेटर निघायचा, दुसरा जायचा, बॅग पुन्हा आत.

"अगं, एक तर बाहेर ठेव नाहीतर आत ठेव," सासूबाई करवादल्या. "माझ्या खाटेखाली स्टेशन केलंस तू. रोज गाडी सुटते आणि परत येते."

"बस की जरा," नवरा म्हणाला.

"बसलेच आहे."

"उभी आहेस."

ती खरंच उभी होती. हातात मोजे होते आणि कान जिन्याकडे.

पाकीट मंगळवारी आलं. सहल शुक्रवारी निघणार होती. तिने ते ऑफिसच्या जिन्यातच फोडलं, तुमची ओळ वाचली आणि वर जाऊन मालकांपुढे ठेवली. मालकांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, आणि हळूच विचारलं, "अहो... म्हणजे जाऊन आलात की काय तुम्ही?"

हे तुमच्या नकारापेक्षा जास्त लागलं तिला.

"एकवीस वर्षांत सलग चार दिवस रजा घेतली का मी? कधी जाणार होते? जेवणाच्या सुट्टीत?"

मालक वरमले. पण शिक्क्याची करामत बघा. ज्या माणसाने 'जाऊन आल्यासारखं सांगा' म्हणून शिकवलं, त्यालाच आता शंका आली. घरी सासूबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "जगाला रस्ता सांगतेस आणि तुला दारातून आत घेईनात? काय लिहिलंय?"

"मी खोटारडी आहे, असं."

"हे सांगायला एवढ्या लांबून यायचं? मला विचारायचं होतं त्यांनी," म्हातारी म्हणाली. मग सुनेचा चेहरा पाहून तिनेच कागद घडी घालून उशीखाली ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून.

बुधवारी ती निवृत्त मास्तरांना घेऊन तुमच्या दारात आली. खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या. रखवालदार म्हणाला, पिशवी आत नाही. तिने मास्तरांची वही तेवढी काढली आणि पिशवी त्याच्या पायाशी ठेवली. आत खिडकीवर एक मुलगी होती.

"हे बघा, अकरा वर्षांपूर्वीची तारीख. ही यांची सही. डावीकडचं दार यांनी सांगितलं मला."

"मीच तो," मास्तर पुढे झाले. "खांदा दाखवू का?"

"तक्रार लेखी द्या," मुलगी म्हणाली. "तीन महिन्यांत उत्तर येईल. कदाचित."

"आणि तोवर?"

"पुढच्या कुठल्याही अर्जात नकाराचं कारण लिहावं लागेल."

म्हणजे यंदा गेलं तर गेलं, पुढल्या वर्षी जाऊ, तेही नाही. जगातल्या ज्या खिडकीपुढे ती उभी राहील, तिथं आधी स्वतःच्या हाताने लिहायचं की मी खोटं बोलले. मास्तर बाहेर येऊन पायरीवर टेकले. "बाई, मी तोंड मिटून बसलो असतो त्या दिवशी, तर बरं झालं असतं."

"फोटो मिळाला नसता मग," ती म्हणाली, आणि बस येण्याआधीच स्टॉपवरून चालायला लागली.

शुक्रवारी तीस जण मालकांच्या भाच्याबरोबर गेले. भाचा मिशीवाला, चाळिशीचा, पण नकाशा हातात दिला तर घडी कशी घालायची तिथंच अडकणारा. तिने त्याला पान लिहून दिलं. सात नंबर, डावीकडे, हिरवं दार, ओढायचं.

सोमवारी दुपारी फोन आला. मागे गाड्यांचा कल्ला आणि तीस माणसांची कुरकुर.

"बाई, दार नाही हो इथं!"

"सात नंबरच्या टोकाला जा."

"टोकालाच आहे. भिंत आहे. भिंतीला टेकून फुलांचं दुकान आहे. सगळे माझ्याकडे बघतायत."

 एकवीस वर्षांत एक रस्ता चुकला नव्हता. "पुढच्या दाराने जा. टॅक्सीवाल्यांच्या डोळ्याला डोळा देऊ नको. डोकी मोज, दोनदा मोज." फोन ठेवायला हात गेला आणि तिथंच थांबला. "अरे, थांब. त्या फुलवालीला विचार, दुकान कधीपासून आहे?"

"आता? माणसं खोळंबलीत, बाई!"

"विचार म्हणते ना!"

बराच वेळ नुसता कल्ला. काउंटरच्या कडेवर तिची बोटं टकटक वाजत होती. खुर्चीत एक जोडपं व्हिएन्नाची चौकशी करायला बसलं होतं, ते एकमेकांकडे बघत राहिलं.

"आठ म्हणते. बोटं दाखवते. दार बुजवलं तेव्हाच दुकान काढलं म्हणे. पाटीवर सालही आहे."

"पाटीचा फोटो पाठव. फुलवाली दिसली पाहिजे त्यात."

फोटो आला. पिवळी फुलं, एक जाडगेली बाई, वर पाटी, पाटीवर साल. आठ वर्षं. ती पाहत राहिली. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा पाठ टेकून बसली, पण मिनिटभरच. लगेच उठली, कागद ओढला आणि तुम्हाला लिहायला घेतलं. तीच ही तक्रार. सोबत मास्तरांच्या पानाची नक्कल आहे आणि फुलवालीचा फोटो आहे. ती हात आखडून लिहीत होती, साहेबांना राग येईल म्हणून. म्हणून तिच्या वतीने हे दुसऱ्या हाताने लिहिलं आहे, आणि तो हात आखडलेला नाही.

तर साहेब, गेल्या पाच वर्षांत ती तुमच्या शहरात राहिली, असं तुम्ही लिहिलंत. ती ज्या दाराने लोकांना बाहेर काढणार होती, ते बुजवून आठ वर्षं झाली. तिथं एक दिवस जरी राहिली असती, तरी तिला भिंत दिसली असती. स्टेशन तुमचं, भिंत तुमची. काचेमागे बसून तुम्ही ऐकत होतात, ती हिरवं दार ओढत होती, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? ठाऊक होतं, तर ही बाई गेल्या पाच वर्षांत तिथं गेली नाही हेही तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. ठाऊक नव्हतं, तर स्वतःच्या गावचं दार न ओळखणाऱ्याला तिचं खरंखोटं करायला त्या खुर्चीत बसवलं कुणी?

दोहोंतलं कुठलं? लेखी द्या. आणि या वेळी खाली नाव लिहा.