वहिनींसाठी जागा

धाकटीने रिकाम्या खाटेजवळची घंटा दाबली आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून ती खिडकीकडे वळली.

"आई!" मुलगा दबक्या आवाजात ओरडला. "सिस्टर फोन घ्यायला गेल्यात, आत्ता येतील. हे काय चाललंय तुझं?"

"बघतेय, कोण येतं ते."

"आणि कोणी आलं तर काय सांगणार?"

"आलं तर सांगीन. आधी येऊ तर दे."

बाहेरच्या लांब व्हरांड्यात चपलांचा फटफट आवाज झाला आणि निळ्या एप्रनमधली एक बाई धापा टाकत दारात आली. चाळिशीची असेल. हात कोपरापर्यंत ओले, बोटांना साबणाचा फेस. तिने रिकाम्या खाटेकडे पाहिलं, मग या दोघांकडे.

"घंटा कुणी वाजवली?"

"मी."

"काय हवंय?"

"काही नाही. येता का, ते बघत होते."

बाईच्या कपाळावर आठी पडली. "अहो आजी, तिकडे एकीला मी निम्म्या अंघोळीत सोडून आलेय. दुसऱ्या मावशी तिला धरून उभ्या आहेत. पुन्हा असलं काही करू नका." आणि ती आली तशी फटफट करत निघून गेली.

मुलगा ओशाळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला. धाकटीला "आजी" म्हटलेलं खटकलं होतं, पण बाकी सगळं तिला बरं वाटलं. बाई आली होती. आली ती ओल्या हातांनी आली होती. आणि चिडली होती.

हे त्यांनी पाहिलेलं तिसरं शुश्रूषागृह. जागा हवी होती ती धाकटीच्या थोरल्या जावेसाठी. नवरा तिला वहिनी म्हणायचा म्हणून लग्न होऊन आल्यावर धाकटीही वहिनीच म्हणू लागली, ते कायमचं. दोघींचे नवरे गेले, बाकीची माणसं पांगली, आणि घरात या दोन जावा उरल्या. थोरली ऐंशीला टेकलेली, धाकटी तिच्याहून बारा-एक वर्षांनी लहान. न्हाणीघरात पाय घसरून थोरलीचं कमरेचं हाड मोडलं, ते जोडलं गेलं, पण ती काही पुन्हा उभी राहिली नाही. तेव्हापासून तिला उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं सगळं धाकटीच करत होती. गेल्या महिन्यात खाटेवरून खुर्चीत घेताना दोघी मिळून जमिनीवर बसल्या. शेजारच्यांनी येऊन उचललं. दोघींना हसू आवरेना. मुलगा मात्र हसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने चौकशी सुरू केली.

धाकटी तेव्हा त्याच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. शेवटी थोरलीनेच विषय संपवला.

"जाऊन बघून तरी ये," ती म्हणाली. "खोड काढायला तुझ्यासारखं माणूस नाही. चाळीस वर्षं माझ्या काढल्यास, आता त्यांच्या काढ."

पहिल्या जागी धाकटीला फार वेळ लागला नाही. फरशी आरशासारखी, दारात माशांची काचपेटी, आणि जो तो "आजीऽ, माझी गोड आजीऽ" असं गाणं म्हटल्यासारखं बोलत होता. एका म्हातारीला खुर्चीतून उठवताना तिथल्या मुलीने तिच्या दंडाला असं काही ओढलं की धाकटीचाच खांदा दुखला. ओढतानाही मुलगी "गोड आजी" म्हणतच होती. दुसऱ्या जागी सगळ्यांना टीव्हीसमोर ओळीने बसवलं होतं आणि टीव्हीचा आवाज बंद होता.

आणि आता ही तिसरी. जुनी दोन मजली इमारत, रंग ठिकठिकाणी उडालेला. सिस्टर फोन संपवून परत आल्या. पिकल्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या.

"रात्री किती जण असतात?" धाकटीने विचारलं.

"या मजल्यावर दोघी."

"पुरतात?"

"नाही पुरत. खोटं कशाला सांगू? दोघांनी एकदम हाक मारली तर एकाला थांबावं लागतं. आणखी एक बाई मिळतेय का ते बघतोय."

मुलगा कागदपत्रांचं विचारू लागला. धाकटी त्या दोघांना बोलत ठेवून व्हरांड्यात आली आणि चालत चालत न्हाणीघराशी पोहोचली. दाराला जाड पडदा होता. आत डोकावणं बरं दिसलं नसतं. ती भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिली.

तिची सगळी नोकरी ऐकण्यातच गेली होती. टेलिफोन ऑफिसात ती ऑपरेटर होती. समोरच्या बोर्डावर दिवे लागायचे, ती कानात आवाज घ्यायची, "थांबा, जोडते" म्हणायची. कोण घाईत आहे, कोण रडून आलंय, कोणाला काही सांगायचंच नाहीये, नुसता आवाज ऐकायचाय, हे माणूस न दिसताही कळायचं. पाळ्यांची नोकरी. मुलगा सहा महिन्यांचा असताना ती पुन्हा कामावर रुजू झाली, आणि त्याला थोरलीने घेतलं. थोरलीला स्वतःचं मूल नव्हतं. त्याने पहिल्यांदा "आई" म्हटलं तेही थोरलीला. धाकटी त्या दिवशी दुपारच्या पाळीला होती. घरी आल्यावर थोरलीने तिला सांगितलं, "आज तुला हाक मारत होता." हे खोटं आहे, हे धाकटीला तेव्हाच कळलं होतं, आवाजावरून. पण तिने कधी बोलून दाखवलं नाही.

पडद्यामागून पाण्याचा आवाज येत होता.

"डोकं खाली करा. अजून खाली. डोळ्यांत साबण गेला की मलाच शिव्या घालाल." ही मघाचीच बाई.

"पाणी गार आहे," एका म्हातारीचा कापरा आवाज.

"गार कुठलं? थांबा. हं, आता हात घालून बघा."

"हं."

"ओतू?"

"ओत."

पाणी पडल्याचा आवाज. मग पुन्हा, "ओतू?"

धाकटीचा हात आपोआप पडद्याच्या कडेवर गेला आणि तिथेच राहिला.

मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी तिला कावीळ झाली होती. महिनाभर ती अंथरुणात होती. केसांच्या जटा झाल्या होत्या. थोरली सारखी करवादायची. "एवढंसं खाऊन कशी उठणार आहेस? गिळ मुकाट्यानं." चमचा मात्र ओठांपाशी धरून थांबायची, तोंड उघडेपर्यंत. एका सकाळी तिने धाकटीला पाटावर बसवून पाठीशी स्वतःचे गुडघे लावले आणि तिचं डोकं धुतलं. घरात एरवी कोणालाच काही न विचारणारी ही बाई. कोणती भाजी करायची, कोणता पडदा कुठे लावायचा, सगळं तीच ठरवणार. धाकटीने घातलेल्या घड्या मोडून पुन्हा आपल्या पद्धतीने घालणार. त्यावरून किती भांडणं झाली असतील! पण त्या सकाळी ती प्रत्येक तांब्याआधी विचारत होती. "ओतू का गं?" धाकटी मान हलवायची, मग पाणी यायचं. कोमट, कपाळावर हाताचा आडोसा धरून, डोळ्यांत एक थेंबही न जाऊ देता.

त्या घरी तेव्हा किती माणसं होती. सकाळी न्हाणीघरासाठी रांग, कोणाचा तरी रेडिओ, मुलाचा बूट सापडत नाही म्हणून आरडाओरड. आणि त्या सगळ्या गोंधळात एक बाई शांतपणे तिचं डोकं धूत होती.

"आई, इथे काय करतेस?" मुलगा मागे उभा होता.

"काही नाही. चल."

घरी येईपर्यंत ती त्या जागेत खोट शोधत राहिली. जागा चांगली होती. तिला खोट सापडली होती, नाही असं नाही. खिडकीसमोर भिंत होती. पण तेवढ्यावरून जागा नाकारता आली नसती. नेमकं हेच तिला नको होतं.

थोरली पडल्यापासून तिची खाट बाहेरच्या खोलीतच होती. ती उशाला टेकून जागी होती.

"कसं होतं?"

"ठीक. आपल्याला नको," धाकटी चपला काढता काढता म्हणाली.

"का?"

"खिडकीतून भिंत दिसते."

"आणि?"

"जेवण सपक असणार. वासच येत नव्हता."

"आणि?"

"जिने आहेत."

"मी कुठे जिने चढणारे? बायका कशा आहेत तिथल्या?"

धाकटी पाणी प्यायला आत गेली. परत येऊन म्हणाली, "तोंडाळ आहेत. एक तर मलाच ओरडली."

"तुला?" थोरली उशीवरून सरसावली. "का बरं?"

सांगणं भाग होतं. धाकटीने घंटेची गोष्ट सांगितली. थोरली हसायला लागली. हसता हसता तिची कंबर दुखली, तरी थांबेना. डोळे पुसत ती म्हणाली, "बरं झालं. तुला गप्प करणं मला जमलं नाही इतक्या वर्षांत, ते तिने एका दिवसात केलं." मग जरा वेळाने, "हीच जागा घ्या."

"वहिनी, मी नको म्हणतेय ना?"

"तू तुझ्यासाठी नको म्हणतेयस. मी बघायला पाठवलं होतं तुला, तू जागा बघून आलीस, आणि जागा चांगली आहे. तुझ्या तोंडावर दिसतंय."

"माझं काही कमी पडलं का?" धाकटीचा आवाज चढला. "चुकलं असेल तर सांगा. आजवर सांगत आलात, आताही सांगा."

थोरलीने तिला खाटेवर बसायची खूण केली. धाकटी बसली नाही. तशीच उभी राहिली.

"काल दुपारी मला तहान लागली होती," थोरली म्हणाली. "तू नुकतीच आडवी झाली होतीस. पेला तिकडे टेबलावर होता. मी नुसती त्याच्याकडे बघत बसले."

"हाक मारायची!"

"तू उठताना कण्हतेस. मला इथे ऐकू येतं. हाक मारायला तोंड उघडते आणि मिटते. त्या बाईला हाक मारताना मला काही वाटणार नाही. तिचं ते काम आहे. तिला पगार आहे, सुट्टी आहे, पाळी संपली की ती घरी जाते. मला पाणी हवं असताना पाणी मागता आलं पाहिजे गं. एवढंच."

"माझ्यावर तुमचा हक्क नाही?"

"आहे ना. म्हणून तर जिवावर येतं."

धाकटी खाटेच्या कडेवर बसली. दाराशी उभा असलेला मुलगा आत न येता तसाच माघारी वळला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरत असल्याचा आवाज करू लागला.

पुढच्या सोमवारी थोरलीला हलवलं. गाडीत ठेवताना तिने मुलाला तीनदा "हळू" म्हटलं आणि धाकटीला एकदाही काही म्हटलं नाही.

पहिले दिवस धाकटी रोज जायची. मग सिस्टरनीच सांगितलं की जरा रमू द्या त्यांना. आता ती दिवसाआड जाई. गेली की आधी चादर बघे, नखं बघे, पाठीवर कुठे लाली आली आहे का ते बघे. सगळं ठीक असे. रात्रीला अजून दोघीच होत्या. धाकटी दर खेपेला सिस्टरना तिसरीचं विचारत असे आणि सिस्टर दर खेपेला ओशाळून हसत. थोरली जवळच्या खाटेवरच्या बाईच्या तक्रारी सांगे, इथल्या घड्या कशा चुकीच्या घालतात ते सांगे. एकदा तर तिने त्या फेसाळ हातांच्या मावशीला बोलावून घडी कशी घालायची ते शिकवलं होतं म्हणे.

एका दुपारी धाकटी गेली तेव्हा थोरली पेंगत होती. तोंडावर जरा गोलाई आली होती. दोघी थोडं बोलल्या. मुलाच्या नव्या घराबद्दल, कोणाकोणाच्या लग्नाबद्दल. बोलता बोलता मावशी आत आल्या. "चला, कूस बदलायची वेळ झाली."

धाकटी सवयीने उठली. खाटेच्या पलीकडे गेली, एक हात थोरलीच्या खांद्याखाली आणि दुसरा कमरेखाली घालायला वाकली.

"बसा हो तुम्ही," मावशी म्हणाल्या. या वेळी त्या चिडल्या नव्हत्या. "मी करते."

"दोघी मिळून करू."

"नको. तुमची कंबर. त्यांनी सांगितलंय मला."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने डोळे मिटून घेतले होते. मावशींनी तिचे गुडघे दुमडले, एक हात पाठीमागे सरकवला, "वळू?" म्हणून विचारलं, आणि एका लयीत तिला अलगद वळवलं. धाकटीला कधी इतकं नीट जमलं नव्हतं. पाठीला उशी लावून, पांघरूण सारखं करून मावशी निघून गेल्या.

आता थोरलीचं तोंड भिंतीकडे होतं. धाकटीला दिसत होती ती नुसती पाठ आणि मानेवरची विरळ, पांढरी वेणी. कुणीतरी ती नीट घालून दिली होती. धाकटी परत खुर्चीत बसली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिने ते मांडीवर ठेवले.

"आहेस ना गं?" थोरलीने भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"आहे."

"बस मग."

धाकटी बसून राहिली. पांघरुणाखाली थोरलीचा खांदा वर होई, खाली येई. हळूहळू तो संथ झाला.