एक माणूस वर आहे

"बाबा, चप्पल काढायची नाही. ऑफिस आहे," अक्षता हळूच म्हणाली. तोवर रामदासांचा एक पाय चपलेतून बाहेर आलेला होता. तो त्यांनी निमूट आत घातला.

कोथरूडच्या या तिसऱ्या मजल्यावर ते पहिल्यांदाच येत होते. सगळी नोकरी लाइनमन म्हणून झाली. विश्रांतवाडीकडचा खांब न् खांब ओळखीचा. मुलगा प्रज्ञेश आता त्याच कामावर. मुलगी मात्र वीज विकत घेऊन कारखान्यांना पुरवणाऱ्या कंपनीत. ती लागली तेव्हा "भाजीसारखी विकता काय गं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं, आणि पुढे हा विषय घरात निघाला नाही. पण एकाच शहरात चार-चार कंपन्या वीज विकणार, असं बातम्यांत ऐकल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्यांची बायको हिराच म्हणाली, "भिंतीकडे काय बघत बसता? पोरीला विचारा ना जाऊन."

अक्षताने त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. समोर पडद्यावर आकडे हलत होते.

"दर पंधरा मिनिटांचा भाव वेगळा. दुपारी राजस्थानात ऊन तापलं की वीज मातीमोल. संध्याकाळी घरोघर दिवे लागले की चढलीच."

"तिकडचं ऊन?"

"तिकडचं ऊन, चाकणचा कारखाना."

"आणि तार?"

"तार तीच. तुम्ही लोकांनी ओढलेली."

रामदास पडद्याजवळ सरकले. वीज त्यांनी पाहिली होती ती खांबापासून घरापर्यंत. तिच्यामागे एवढा मुलूख उभा असेल, कुठे ढग आला, कुठे वारा पडला की इथला आकडा हलेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आकड्याला बोट लावावंसं वाटलं, पण लावलं नाही.

"मग कारखान्यात जाते ती राजस्थानचीच कशावरून?"

"नसतेच. सगळी एकात एक मिसळते. कोणी किती घातली, कोणी किती काढली, तेवढाच हिशोब."

"विहारातल्या खिरीसारखं," ते पुटपुटले. बुद्धपौर्णिमेला वस्तीतलं घरोघरचं दूध एकाच पातेल्यात पडतं; वाटीत आलेलं कुणाचं, कोण सांगणार?

"पाणी कुणी घातलं ते मात्र आईला बरोबर कळतं," अक्षता म्हणाली.

रामदास हसले नाहीत. "मला एकच सांग. विकणारे झाले चार. आपला प्रज्ञेश खांबावर चढला. बंद करा म्हणून त्यानं सांगायचं कुणाला? तिघांनी बंद केली आणि चौथ्याची राहिली, तर?"

अक्षता त्यांच्याकडे वळली. आजवर बाबांना आपल्या नोकरीची लाज वाटते, असंच ती धरून चालली होती.

"बाबा, विकणारे कितीही होऊ देत. तार एकच, आणि ती बंद करणारा हातही एकच, सबस्टेशनातला. प्रज्ञेशनं त्यालाच..."

तेवढ्यात दिवे गेले. पंखे घरघरत थांबले. पडदे मात्र बॅटरीवर चालूच राहिले.

"गुरुवार! दुरुस्तीचा वार!" पलीकडच्या टेबलावरून आमोद ओरडला. "विजेच्या व्यापाऱ्यांकडेच वीज नाही. अहो, पाटी लावा कोणीतरी खाली."

रामदास उठून खिडकीशी गेले. गल्लीच्या कोपऱ्यावर एक लाइनमन खांबावर चढला होता. त्याने आधी तारांवर जमिनीत उतरणारी साखळी टाकली. कुठून चुकून वीज आलीच, तर ती त्याच्या अंगातून न जाता मातीत जावी म्हणून. मग त्याने उघडी तार हातात धरली.

रामदासांनी वळून पडद्याकडे पाहिलं. तिथे ऊन, वारा, धरणांचं पाणी, सगळ्यांची बोली चाललेली. आणि ते सगळं या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. एक माणूस वर होता म्हणून.

"थांबलंय गं," ते म्हणाले. "एवढं सगळं..."

"बसा ना बाबा. त्याला वेळ लागेल."

"आधी उतरू दे त्याला."

"अक्षता, बोली बंद होतीये!" आमोदने हाक मारली.

"आज तू लाव," ती म्हणाली आणि वडिलांशेजारी उभी राहिली. वरचा माणूस पान्हा फिरवत होता.