भोंगा वाजला होता का?

"हा माणूस आजकाल कशालाही 'हो' म्हणतो!" मक्याच्या भाकरीवर लोणी थापत हेप्झिबा करवादली. "सकाळी विचारलं, शेजाऱ्यांची गाय बागेत शिरलीय, हाकलू का? तर म्हणे, हो, वाढ थोडी. काय वाढू, शेपूट?"

हा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ, फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाचा न्यायाधीश लायसँडर क्रेन. आई गेली तेव्हा तो रांगत होता. हेप्झिबाला धड सही येत नव्हती, पण लोकांच्या टोप्या शिवून तिनं त्याला वाढवलं, वकिलाच्या हाताखाली घातलं. पुढे राष्ट्राध्यक्षांनी त्याला न्यायाधीश नेमलं, तेही मरेपर्यंत. त्या खुर्चीवरून त्याला उठवणार कोण? दोन वर्षांपासून त्याला नीट ऐकू येत नाही हे वकिलांनाही कळलं होतं. बोलायची छाती कुणाची नव्हती.

कान गेला तर जाऊ दे. पण न ऐकता एखाद्याचं वाटोळं केलं तर? हेप्झिबानं टोपी चढवली, टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावरचं कोर्ट गाठलं आणि शेवटच्या बाकावर बसली.

धुक्यात दोन आगबोटी धडकल्या होत्या. त्यातल्या एकीचं सुकाणू धरणाऱ्या म्हाताऱ्या ज्यूबलचा परवाना जाणार की राहणार, एवढाच प्रश्न होता.

"इशाऱ्याचा भोंगा दिला होता, साहेब," ज्यूबल तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

लायसँडरनं मान डोलावली.

"खोटं! हा झोपला होता!" समोरच्या पक्षाचा वकील म्हणाला.

लायसँडरनं पुन्हा मान डोलावली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मान आवर, मेल्या," हेप्झिबा दात आवळून म्हणाली.

हसणारी तोंडं लायसँडरला दिसली. ज्यूबलच्या हातात पिळवटलेली टोपीही दिसली. त्यानं लेखणी खाली ठेवली.

"भोंगा वाजला की नाही हे ठरवायला मी इथं बसलोय," तो म्हणाला, "आणि या माणसाचा एक शब्दही मला ऐकू आलेला नाही. खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढे पहिल्यापासून चालेल. मी आजच राजीनामा देतो."

सगळं कोर्ट उभं राहिलं. ज्यूबलनं पिळवटलेली टोपी सरळ केली.

जिना उतरताना लायसँडरनं बहिणीचा हात धरला. चेहरा ओझं उतरलेल्या बैलासारखा निवांत.

"ताई, बरोबर केलं ना गं?"

ती काहीतरी म्हणाली. सवयीनं त्याची मान हलू लागली, पण तो थांबला आणि खाली वाकला.

"काय म्हणालीस?"

दोन वर्षांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं. खाली टपालाच्या तिकिटांसाठी उभे असलेले लोक वळून बघतील, एवढ्या मोठ्यानं हेप्झिबा ओरडली, "म्हटलं, उशीर केलास! पण माणसासारखा वागलास!"