पाहुण्यांचा खड्डा

आमच्या मंडळाचं पर्यावरण शिबिर दरवर्षी मे महिन्यात देवनहळ्ळीला भरतं, कारण तेव्हा मुलांना सुट्टी असते. झाडंही तेव्हाच लावतात. पाणी घालायला नंतर कुणी फिरकत नाही, त्यामुळे ती महिन्याभरात वाळतात आणि पुढच्या वर्षी खड्डे आयतेच मिळतात.

यंदा सूत्रसंचालन माझ्या नवऱ्याकडे, उमाकांतकडे होतं. आमची तेरा वर्षांची यशश्री शिबिरार्थी होती. मला विचारलं कुणी नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे अर्थातच उपमा.

पहिल्या दिवशी अध्यक्ष रघुनंदनरावांनी हॉलमध्ये पडदे ओढून स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज ऐकवले. टिटवी फक्त त्यांच्या नातवाने, विराटने ओळखली. घरी आजोबांनी तालीमच घेतली होती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी माळावर वृक्षारोपण. शेजारची शेतं घेऊन ज्यांनी प्लॉट पाडले, तेच प्रमुख पाहुणे. त्यांच्या खड्ड्याभोवती रांगोळी, शेजारी त्यांच्या नावाची पाटी. डोक्यावर एक पक्षी घिरट्या घालत नुसता ओरडत होता.

"अरे, हाकला त्याला कुणीतरी!" रघुनंदनराव वैतागले. "माइकमध्ये येतोय."

विराटने ढेकूळ उचललं. यशश्री पुढे धावली आणि खड्ड्याच्या काठाशी बसली. तिथे खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती.

"काका, टिटवी आहे ही. काल तुम्हीच ऐकवलीत."

"सरी, सरी, पुट्टी," रघुनंदनरावांनी कानडीत चुचकारलं. "अंडी स्वल्प बाजूला ठेव. पाहुणे खोळंबलेत."

"हलवली तर ती परत बसणार नाही त्यांच्यावर."

उमाकांत चक्क माइकवरून म्हणाला, "यशश्री, प्लीज, सीन करू नकोस."

पोटच्या पोरीला, सगळ्यांसमोर! माझं डोकंच फिरलं. उपम्याचा डाव टाकला आणि नव्या साडीसकट तिच्याशेजारी मातीत फतकल मारली. "आता दोघींना उचला," म्हटलं.

"अक्का, तुम्ही पण?" रघुनंदनराव कळवळले.

उमाकांतने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. मग माइक बंद केला, पाटी उपटली आणि पार टोकाच्या खड्ड्याशी नेऊन रोवली. पाहुण्यांना खड्ड्याचं सोयरसुतक नव्हतंच. नाव गेलं तिकडे तेही गेले, मागोमाग फोटोग्राफर आणि सगळं शिबिर.

तिकडे रोप लावून झालं. पक्षी ओळखण्याचं बक्षीस विराटला मिळालं, टाळ्या पडल्या. आम्ही मायलेकी लांब सरकून कुंपणापाशी बसलो होतो. माझा तोंडाचा पट्टा चालूच होता. हे असले पक्षिमित्र, ही असली झाडं, आणि तो तुझा बाप...

यशश्रीने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"आई, गप ना. ती बसतेय."